१२ लाखांचा विमा, ३२ लाखांचं कर्ज आणि एक जोडी स्की

पत्र थोडक्यात असं: वय ४१, सातपूरच्या कारखान्यात इंजिनीअर, हातात पगार ८८ हजार. पत्नी घर सांभाळते, मुलगी सहावीत. गंगापूर रोडच्या फ्लॅटचं ३२ लाखांचं कर्ज बाकी, व्याज साडेआठ टक्के, हप्ता ३१ हजार. घरखर्च ४० हजार, एफडीत ६० हजार. गेल्या हिवाळ्यात गुलमर्गला डाउनहिल स्कीइंगचा प्राथमिक कोर्स केला आणि वेड लागलं. आता स्वतःचे बॅककंट्री क्रॉस-कंट्री स्की (आखलेल्या वाटेबाहेरच्या बर्फात चालत फिरायचे) परदेशातून मागवायचे आहेत. सपाट कुरण, पाइनचं रान, तिथल्या अफरवट शिखराचा उतार, भुसभुशीत बर्फ आणि टणक बर्फ, सगळीकडे चालतील असे. अरुंद घ्यावेत की रुंद? बूट, बाइंडिंग (बूट स्कीला धरून ठेवणारी पकड), सीमाशुल्क धरून खर्च १ लाख ४० हजार. तो बँकेतून घेतलेल्या पॉलिसीवर कर्ज काढून भागवायचा. तिच्यात वर्षाला १ लाख २० हजार जातात, तीन हप्ते भरून झाले. ‘पाच वर्षांनी दुप्पट मिळणार आहेत, शिवाय १२ लाखांचा विमा आहेच, म्हणून टर्म घेतली नाही.’ (टर्म म्हणजे बचत नसलेला, फक्त मृत्यूनंतर रक्कम देणारा विमा.) आणि नाशिकच्या ट्रेकिंग ग्रुपमधल्या मित्रांना दिवसाला दीड हजाराने स्की भाड्याने दिले की दोन वर्षांत पैसे वसूल.

नमस्कार. पत्रासोबत पॉलिसीची प्रत जोडलीत हे बरं केलंत, पण ती तुम्ही स्वतः वाचलेली नाही. पाच वर्षांनी दुप्पट असं तिच्यात कुठेही लिहिलेलं नाही. लिहिलंय ते असं: हप्ते १० वर्षं, मुदत २० वर्षं, शेवटी मिळणार २६ लाख. पाच वर्षं ही रिलेशनशिप मॅनेजरच्या तोंडची गोष्ट होती. तोंडच्या गोष्टीची पावती मिळत नाही.

१२ लाख भरून २६ लाख, म्हणजे दुपटीहून जास्त, हे कानाला छान लागतं. पण शेवटचा रुपया विसाव्या वर्षी हातात येतो. हिशेब केला तर वर्षाला जेमतेम ५ टक्के पडतात. तेच हप्ते पीपीएफमध्ये भरून २० वर्षं ठेवले असते तर आजच्या ७.१ टक्के दराने ३५ लाखांच्या पुढे गेले असते. महागाई ६ टक्के धरली तर २० वर्षांनंतरच्या २६ लाखांची किंमत आजच्या ८ लाखांएवढी. ‘गॅरंटीड’ शब्द ठळक अक्षरात छापतात, हे गणित कुणी छापत नाही.

तरीही परताव्याचं नुकसान मी एक वेळ सोडून देईन. माझा जीव अडकलाय तो १२ लाखांच्या विम्यात. उद्या तुम्हाला काही झालं तर हे १२ लाख सगळे गृहकर्जात घातले तरी वर २० लाख देणं उरेल. घरात दुसरा पगार नाही. पत्नी आणि सहावीतली मुलगी यांच्या वाट्याला फ्लॅटही राहणार नाही आणि रोकडही. तुम्हाला विमा हवा किती? ३२ लाखांचं कर्ज, अधिक १५ वर्षांचा घरखर्च ७२ लाख. म्हणजे धरा १ कोटी. धूम्रपान नसेल तर तुमच्या वयाला साठीपर्यंतची एवढ्या रकमेची टर्म साधारण २० ते २५ हजारांत मिळेल. आज तुम्ही १ लाख २० हजार भरून १२ लाखांचं संरक्षण घेताय.

मग पॉलिसी मोडायची का? इथे घाई नको, कारण उत्तर वाटतं तेवढं सोपं नाही. ३ लाख ६० हजार भरलेत आणि शाखेने सरेंडरचे १ लाख ३० हजार सांगितलेत. बाकीचे गेले. ते आता कुठल्याच मार्गाने परत येणार नाहीत, म्हणून पुढचा हिशेब त्यांना वगळूनच करायचा. आज मिळू शकणारे १ लाख ३० हजार आतच ठेवले, उरलेले सात हप्ते भरले आणि १७ वर्षांनी २६ लाख घेतले, तर इथून पुढचा परतावा ७ टक्क्यांच्या आसपास येतो. वाईट नाही. पण तुमच्या डोक्यावर साडेआठ टक्क्यांचं कर्ज आहे, आणि महिन्याचा हिशेब त्याहून बोलका आहे. ८८ हजारांतून ३१ हप्त्याचे, ४० घराचे, १० या पॉलिसीचे. उरतात ७ हजार. त्यातून टर्मचा हप्ता भरला की आणीबाणीच्या निधीला फारसं काही उरत नाही. म्हणून माझं मत बंद करण्याकडे आहे. मात्र आधी कंपनीकडून दोन आकडे लेखी मागवा: आजची सरेंडर रक्कम, आणि पेड-अप केली, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून पॉलिसी कमी रकमेवर चालू ठेवली, तर मुदतीअखेर किती. पेड-अपचा आकडा सरेंडरच्या तिप्पट-चौपट असेल तरच तिचा विचार करा.

आणि पॉलिसीवरच्या कर्जाचं म्हणाल, तर ते सरेंडर रकमेच्या ८०-९० टक्केच मिळतं. म्हणजे १ लाख १० हजारांच्या आसपास, वर ९-१० टक्के व्याज. सगळं सामान यातून यायचंच नाही, बूट बाकी राहतील.

क्रम महत्त्वाचा. टर्मचा अर्ज आजच करा, मेडिकल द्या, पॉलिसी हातात येऊ द्या, मगच जुनी सोडा. अर्जात धोकादायक छंदांचा प्रश्न असतो. तिथे बर्फातलं स्कीइंग आणि हरिहर, साल्हेरचे ट्रेक, दोन्ही लिहा. प्रीमियम थोडा वाढला तर वाढू द्या. विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार तीन वर्षांनंतर कंपनीला पॉलिसीवर आक्षेप घेता येत नाही, पण पहिल्या तीन वर्षांत लपवलेली गोष्ट उघड झाली तर दावा अडकतो, आणि तो लढवायला तुम्ही नसता. आरोग्य विम्यात साहसी खेळ वगळणारं प्रमाणित कलम व्यावसायिक खेळाडूंपुरतं आहे, हौशीला सहसा अडचण येत नाही. अपघात आणि प्रवास विम्यात मात्र असे खेळ अनेकदा सरसकट वगळलेले असतात. कागद वाचा, या वेळी तरी.

आता स्की. तुम्ही कोर्स केलात तो टाच घट्ट बांधलेल्या स्कीवर. बॅककंट्री क्रॉस-कंट्रीत टाच मोकळी असते, वळण घ्यायची रीतच वेगळी. ज्यावर एकदाही उभे राहिला नाहीत ते १ लाख ४० हजारांना मागवू नका. आधी कुठे भाड्याने किंवा उसने मिळतात का ते फोन करून विचारा.

अरुंद की रुंद, याचं उत्तर मधले. टोकाशी साठेक मिलिमीटरचे अरुंद स्की सपाटीवर पळतात आणि भुसभुशीत बर्फात रुततात. ११० च्या पुढचे रुंद स्की तरंगतात, पण सपाटीवर ओढत न्यावे लागतात. ८० ते १०० च्या मधले घ्या. टणक बर्फासाठी धातूची कड हवी, आणि तळाला खवले, म्हणजे चढताना मागे घसरू न देणारी खाचांची नक्षी. खवले नसले तर पकडीसाठी मेण लावावं लागतं. मार्चमधलं ऊन बर्फ दुपारी वितळवतं आणि रात्री तो परत गोठतो. अशा बर्फात तापमानानुसार मेण बदलत बसणं नवशिक्याचं काम नाही. तीव्र चढासाठी तळाला लावायच्या स्किन्स, म्हणजे पकड देणाऱ्या केसाळ पट्ट्या, घ्या. लांबी तुमच्या वजनावर ठरते, आणि त्या वजनात पाठीवरची सॅक धरायची. बाइंडिंगची जात बुटाशी जुळली पाहिजे, एनएनएन-बीसी या जातीचे बूट ७५ मिलिमीटरच्या तीन खिळ्यांच्या बाइंडिंगला बसत नाहीत. म्हणून आधी पायात घालून बूट निवडायचे, स्की नंतर.

अफरवटचा उतार या यादीतून काढा. तिथे वेगळे स्की लागतात, आणि हिमस्खलनाच्या धोक्यामुळे बीकन (बर्फाखाली गाडलेल्याचा ठाव देणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची काठी) आणि फावडं. त्यांचे आणखी ३०-४० हजार तुमच्या बजेटमध्ये दिसत नाहीत. ती साधनं वापरायचं शिक्षण तर त्याहून आधी. स्कीमध्ये मधला मार्ग चालतो, कारण दोन्ही कामं थोडी थोडी तरी होतात. तुमच्या पॉलिसीत विमाही होत नाही आणि बचतही.

भाड्याचं स्वप्न सोडा. १ लाख ४० हजार वसूल व्हायला ९४ दिवस भाडं लागेल. थंडीत निफाडला द्राक्षाच्या पानांवर दव गोठलं तरी तिथे कुणी स्की घालून फिरत नाही. गुलमर्गला आठवडाभर जाणारा मित्र तुमच्याच वजनाचा आणि तुमच्याच मापाच्या पायाचा असायला हवा.

सरेंडरचे पैसे एफडीत टाका. १ लाख ९० हजार होतील, म्हणजे पावणेतीन महिन्यांचा हप्ता आणि घरखर्च. टर्मचा खर्च वजा जाता महिन्याला १५ हजार सुटतील. १२ हजार निधीत, तो सहा महिन्यांच्या खर्चाएवढा होईपर्यंत. ३ हजार बर्फासाठी वेगळे. वर्षाला ३६ हजारांत पुढच्या हंगामातली एक फेरी आणि भाड्याचं सामान भागेल.

चौथ्या हप्त्याची तारीख मार्चमधली आहे, तेव्हा मॅनेजरचा फोन येईलच. तो आधी तीन वर्षांच्या नुकसानीची भीती घालेल. मग तेच पैसे ‘याहून चांगल्या’ नव्या योजनेत फिरवून देतो म्हणेल. दोन्हीला नाही म्हणा, आणि लेखी आकडे अजून आले नसतील तर त्याच फोनवर मागा.