इंग्लंडच्या तिसऱ्या-चौथ्या लीगमधले स्ट्रायकर वर का येत नाहीत? गुणवत्ता कमी पडते म्हणून का?

तुमचा प्रश्न असा, की इंग्लंडच्या खालच्या लीगमध्ये काही स्ट्रायकर, म्हणजे गोल मारायचं काम असलेले पुढचे खेळाडू, हंगामामागून हंगाम वीस-वीस गोल मारतात, मग सर्वांत वरच्या प्रीमियर लीगमध्ये ते का दिसत नाहीत? गुणवत्ता नसते म्हणूनच ना?

काहींच्या बाबतीत तसं असेलही. पण एका स्ट्रायकरला मी तीन हंगाम अगदी जवळून खेळताना पाहिलंय. त्याच्या कारकिर्दीमुळे माझं या बाबतीतलं मत पार बदललं, म्हणून त्याच्याबद्दलच लिहितो.

२००६ ते २००९ मी नोकरीनिमित्त ब्रिस्टलला होतो. खोली हॉरफिल्डमध्ये, मेमोरियल स्टेडियमपासून चालत दहा मिनिटांवर. मी कोल्हापूरचा. पाटाकडील विरुद्ध प्रॅक्टिस असा तिथल्या दोन फुटबॉल संघांचा सामना असला की आमच्या घरी जेवणं लवकर उरकून सगळे शाहू स्टेडियमकडे निघायचे. त्यामुळे शनिवारी दुपारी मैदानातून ओरडा ऐकू येत असताना खोलीत बसून राहणं मला शक्यच नव्हतं. ब्रिस्टल रोव्हर्स तेव्हा लीग टूमध्ये, म्हणजे चौथ्या पातळीवर होता. एका गोलमागचा स्टँड म्हणजे जवळजवळ मांडवच, आणि दुसऱ्या गोलमागे उभं राहून बघायच्या पायऱ्या. मी पायऱ्यांवर असायचो. तिथून गोलकीपरने बचावपटूंना घातलेल्या शिव्यासुद्धा स्पष्ट ऐकू येत.

३१ ऑगस्ट २००६ रोजी रोव्हर्सने रॉचडेलकडून दोन लाख पौंडांना रिकी लॅम्बर्टला घेतलं. वय २४. उंच, अंगाने भरलेला, धावायला जड. पहिल्या हंगामात लीगमध्ये त्याचे आठच गोल झाले आणि माझ्या आजूबाजूचे लोक वैतागले. चौथ्या पातळीवरच्या क्लबला दोन लाख म्हणजे थट्टा नव्हे. तिकिटाच्या गल्ल्यावर चालणारे क्लब हे.

पण त्याचा पहिला स्पर्श बघत राहावा असा होता. गोलकीपरने लांब मारलेला चेंडू वरून येतोय, पाठीवर बचावपटू रेलून उभा आहे, आणि हा छाती किंचित मागे घेऊन तो चेंडू अलगद पायापुढे उतरवायचा. उतरवण्याआधी एकदा डाव्या खांद्यावरून मागे बघायचा. पास कुणाला द्यायचा हे चेंडू जमिनीला लागायच्या आत ठरलेलं असायचं. पायऱ्यांवर अगदी पुढे उभं राहिलं की ते खांद्यावरून बघणं दिसायचं. टीव्हीवर ते कधीच दिसत नाही.

लॅम्बर्टचा जन्म १९८२ चा, लिव्हरपूलजवळच्या कर्कबीचा. दहाव्या वर्षापासून तो लिव्हरपूल क्लबच्या अकादमीत होता. पंधराव्या वर्षी त्यांनी त्याला सोडून दिलं. इंग्लंडमध्ये हे दर वर्षी कितीतरी मुलांच्या वाट्याला येतं आणि ते फार क्रूर आहे, असं मला मनापासून वाटतं. पंधरा वर्षांच्या पोरात सगळ्यात आधी वेग दिसतो, अंगातली ताकद दिसते. खेळ वाचण्याची समज त्या वयात मोजता येत नाही. ती शे-दोनशे सामने खेळल्यावर बाहेर पडते.

तिथून तो ब्लॅकपूलला गेला. तिथे त्याला बऱ्याचदा मधल्या फळीत खेळवलं, आणि २००० साली तिथूनही मोकळं केलं. अठरा वर्षांचा मुलगा, हातात क्लब नाही. मग त्याने बीट भरण्याच्या कारखान्यात काम धरलं. बीटच्या बरण्यांना झाकणं लावायची, दिवसाला वीस पौंड. ते करता करता मॅकल्सफील्ड क्लबबरोबर सराव सुरू ठेवला आणि शेवटी तिथे करार मिळवला. पुढे इंग्लंडकडून खेळायला लागल्यावर प्रत्येक बातमीत हा बीटचा कारखाना आला. मला मात्र त्याच्या पुढची सात-आठ वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात, कारण घडला तो तिथे.

खालच्या लीगमधल्या खेळाडूचं जगणं कसं असतं ते थोडं सांगतो. करार बहुतेक वर्षा-दोन वर्षांचे. हंगाम संपला की मे महिन्यात क्लब यादी लावतो: कुणाला ठेवलं, कुणाला सोडलं. ज्याचं नाव सोडलेल्यांत, त्याने उन्हाळाभर फोनची वाट बघायची. लीगचे सामने ४६, वर दोन कप आणि खालच्या दोन लीगच्या क्लबांसाठीची लीग ट्रॉफी. शनिवारी सामना, मंगळवारी रात्री परत सामना, मध्ये बसचे तासन् तास. जानेवारीत मैदानाचा चिखल होतो. स्ट्रायकरची किंमत फक्त गोलांच्या आकड्यावर ठरते, आणि तो आकडा बरोबर खेळणाऱ्यांवर अवलंबून असतो. लॅम्बर्टचंच बघा. मॅकल्सफील्डने त्याला २००२ मध्ये तीन लाखांना स्टॉकपोर्टला विकलं. तिथे लीगच्या ९८ सामन्यांत १८ गोल. हा आकडा पाहून कुणीही म्हणेल, संपला पोरगा. मग २००५ मध्ये रॉचडेलला गेला, जोडीला ग्रँट होल्ट मिळाला, आणि २००५-०६ च्या हंगामात लीगमध्ये २२ गोल. माणूस तोच, पायही तेच.

ग्रँट होल्टचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आमच्या रोव्हर्सने मे २००७ मध्ये लंडनच्या नव्या वेम्बली स्टेडियमवर बढतीच्या अंतिम सामन्यात श्रूजबरीला ३-१ हरवलं आणि लीग वनमध्ये, म्हणजे तिसऱ्या पातळीवर गेलो. त्यानंतर लॅम्बर्ट दर वर्षी चढतच गेला. २००७-०८ मध्ये लीगचे १४ गोल. २००८-०९ मध्ये २९, म्हणजे त्या वर्षी लीग वनमध्ये सर्वांत जास्त गोल करणाऱ्या दोघांपैकी एक. तिसऱ्या पातळीवर २९ गोल! आणि तरीही प्रीमियर लीगच्या एकाही क्लबने त्याला घेतलं नाही.

तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे, असं मला वाटतं. प्रीमियर लीगमध्ये क्लब वीस. प्रत्येकाने तीन-चार स्ट्रायकर ठेवले तरी साठ-ऐंशी जागा, आणि त्या जागांसाठी अख्ख्या जगातले खेळाडू. खेळाडू निवडणाऱ्याच्या बाजूने विचार करा. लीग वनचा २७ वर्षांचा, मंद दिसणारा माणूस घेतला आणि तो चालला नाही, तर बोल निवडणाऱ्यालाच. परदेशातल्या एखाद्या मोठ्या लीगमधून घेतलेला खेळाडू फसला, तर नशीब म्हणून सोडून देतात. त्यामुळे वरून कुणी हात खाली घालत नाही. खालचा स्ट्रायकर वर जातो तो बहुतेक वेळा एकाच वाटेने: एखादा मोठा क्लब घसरत घसरत त्याच्या पातळीवर येतो, त्याला घेतो, आणि परत वर चढताना त्याला बरोबर नेतो.

साउथॅम्प्टन तसा घसरला होता. २००५ पर्यंत प्रीमियर लीगमध्ये असलेला हा क्लब २००९ मध्ये पैशांच्या अडचणीत सापडून लीग वनला आला, तोही वजा दहा गुणांपासून सुरुवात करायची शिक्षा घेऊन. मार्कुस लीबहेर यांनी तो विकत घेतला आणि ऑगस्टमध्ये साधारण दहा लाख पौंडांना लॅम्बर्टला नेलं. प्रशिक्षक ॲलन पार्ड्यू. त्यांनी सुरुवातीलाच तोंडावर सांगितलं, की तुझ्या अंगावर चरबी आहे, असं चालणार नाही. लॅम्बर्टने पुढे मुलाखतींमध्ये हे स्वतः सांगितलंय आणि आपण तिथून बदललो असंही म्हटलंय. २७ व्या वर्षापर्यंत हे त्याला कुणीच इतक्या स्पष्टपणे सांगितलं नव्हतं का, याचं मला अजून वाईट वाटतं. खालच्या क्लबांकडे आहारतज्ज्ञ वगैरे ठेवायला पैसा कुठला?

पुढचं अनेकांना माहीत आहे, म्हणून भराभर सांगतो. पहिल्याच हंगामात सगळ्या स्पर्धा धरून ३६ गोल. २०११ मध्ये क्लब चॅम्पियनशिपला, म्हणजे दुसऱ्या पातळीवर चढला. २०११-१२ मध्ये तिथे लीगचे २७ गोल, लीगमध्ये पहिला, आणि क्लब प्रीमियर लीगमध्ये. ऑगस्ट २०१२ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, मँचेस्टर सिटीच्या मैदानावर तो प्रीमियर लीगमध्ये पहिल्यांदा उतरला, बदली म्हणून, आणि गोल मारला. त्या हंगामात लीगचे १५ गोल. साउथॅम्प्टनसाठी एकूण २३५ सामन्यांत ११७. पेनल्टी घेतल्या ३४ आणि गोल ३४. चौतीसपैकी एकही हुकली नाही, हे मी जेव्हा जेव्हा लिहितो तेव्हा मला पुन्हा तितकंच नवल वाटतं.

ऑगस्ट २०१३ मध्ये इंग्लंडच्या संघात निवड झाली, आणि त्याच दिवशी त्याला मुलगी झाली. १४ ऑगस्टला वेम्बलीवर स्कॉटलंडविरुद्ध बदली म्हणून उतरला. लेटन बेन्सचा कॉर्नर, याचं हेडर, गोल. मैदानात येऊन तीन मिनिटंही झाली नव्हती. मी तेव्हा भारतात परत आलो होतो, मध्यरात्र उलटून गेली होती. घरचे झोपलेले म्हणून तोंडावर उशी धरून ओरडलो.

आता होल्ट. रॉचडेलच्या त्या जोडीतला दुसरा. २००९ च्याच उन्हाळ्यात नॉरिचने त्याला श्रूजबरीकडून घेतलं. नॉरिचही घसरून लीग वनमध्ये आलेला मोठा क्लब. लागोपाठ दोन वर्षं क्लब चढला आणि २०११-१२ मध्ये होल्टने प्रीमियर लीगमध्ये १५ गोल मारले. चौथ्या पातळीवर एकाच संघात खेळणारे दोन स्ट्रायकर, दोघांनीही प्रीमियर लीगमध्ये एकेका हंगामात पंधरा-पंधरा. रॉचडेलमध्ये असताना त्यांच्यात गुणवत्ता नव्हती आणि नंतर आली, असं कसं म्हणता येईल? जेमी वार्डीचं नाव तर तुम्ही ऐकलंच असेल. त्यालाही २०१२ मध्ये पाचव्या पातळीवरच्या फ्लीटवुडमधून लेस्टरने घेतलं, तेव्हा लेस्टर दुसऱ्या पातळीवर होता. दोन वर्षांनी दोघं बरोबरच वर गेले.

मोठ्या क्लबचा फोन लॅम्बर्टला आला तो २०१४ मध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी, आणि तो लिव्हरपूलचाच. किंमत चाळीस लाखांच्या आसपास. ज्यांनी पंधराव्या वर्षी सोडलं त्यांनी सतरा वर्षांनी पैसे मोजून परत घेतलं. तिथे त्याला फारसं खेळायला मिळालं नाही. वर्षभराने वेस्ट ब्रॉम, मग कार्डिफ, आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये निवृत्ती. इंग्लंडकडून ११ सामने, ३ गोल. लिव्हरपूलमधलं वर्ष फुकट गेलं असं लोक म्हणतात. लहानपणी ज्या लाल शर्टाचं स्वप्न पाहिलं तो घालून युरोपातल्या बड्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये गोल केलेल्या माणसाबद्दल मी तरी तसं म्हणणार नाही.

माझ्या डोक्यात घट्ट बसलेला त्याचा गोल मात्र फेब्रुवारी २००८ चा आहे. एफए कप, म्हणजे सगळ्या पातळ्यांवरच्या क्लबांची बाद स्पर्धा, पाचवी फेरी. आमच्या मैदानावर आमच्यापेक्षा एक लीग वरचा पाहुणा संघ. ०-०, शेवटची काही मिनिटं, आणि गोलपासून थोड्या अंतरावर फ्री किक. लॅम्बर्टने चेंडू दोन्ही हातांनी ठेवला, मागे आला, कमरेवर हात ठेवून भिंतीकडे, म्हणजे समोर रांगेत उभ्या राहिलेल्या त्यांच्या खेळाडूंकडे बघत राहिला. फटका भिंतीतल्या एकाला घासून वळला आणि आत. १-०. रोव्हर्स उपांत्यपूर्व फेरीत.

पायऱ्यांवर माझ्या शेजारी नेहमी एक म्हातारे गृहस्थ असायचे, लहानपणापासून रोव्हर्स बघत आलेले. गर्दी ओसरायला लागली तसे ते म्हणाले, "हा आता आपल्याकडे राहत नाही बघ, कुणीतरी नेणार." मी विचारलं, कोण? त्यांनी मान हलवली. आम्ही रस्त्यावर आलो तेव्हा हरलेल्या पाहुण्यांचे समर्थक लाल-पांढरे मफलर गळ्यात घालून, खाली मान घालून त्यांच्या बसकडे चालले होते. तो संघ साउथॅम्प्टनचा होता.