डावीकडे पैसे, उजवीकडे रविवार

"तो पैसे देत नाही, मग मी मुलीला भेटायला का पाठवू?" हा प्रश्न नवऱ्यापासून वेगळ्या राहणाऱ्या आयांकडून माझ्याकडे सतत येतो. वडील तोच उलटा करून आणतात: "भेटू देत नाहीत, मग पोटगी कशाला भरू?" बोलणं रोखठोक व्यवहाराचं आहे, असं दोघांनाही वाटतं.

मागे बडोद्याच्या दांडिया बाजारातली एक आई आली होती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.) बसायच्या आधीच तिने पर्समधून वही काढली. पानाच्या मधोमध रेघ, डावीकडे महिना आणि रक्कम, उजवीकडे रविवार. कोर्टाने महिन्याला आठ हजार आणि दर रविवारी दुपारी चार ते सहा कमाटीबागेत भेट ठरवून दिली होती. डावीकडे सलग तीन फुल्या झाल्या आणि उजवीकडच्या फुल्या सुरू झाल्या.

"सांगा ताई, ह्यात माझं काय चुकलं?"

हिशेब चोख होता, पण पान एकच होतं तीच अडचण. पोटगी मुलीच्या हक्काची आणि भेटही मुलीच्याच हिताची. एकीची वसुली दुसरीतून होत नाही. थकबाकीला वेगळा रस्ता आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेतलं पोटगीचं पूर्वीचं कलम 125 आता 1 जुलै 2024 पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 144 झालंय. त्याखाली वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून वर्षभरात करावा लागतो. वॉरंट निघूनही पैसे भरले नाहीत, तर थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. आत जाऊन आलं म्हणून बाकी फिटत नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. तिच्या हातात अजून वेळ होता. भेटी मात्र तिने स्वतःच बंद केल्या होत्या, म्हणजे आदेश मोडल्याचं बोट आता तिच्याकडेही वळणार होतं.

मग वडिलांना वेगळं बोलावलं. मकरपुऱ्याच्या कारखान्यातला ओव्हरटाइम बंद झालेला. "पण मी अगदीच दिले नाहीत असं नाही," ते म्हणाले. "दोनदा दोन-दोन हजार मुलीच्या दप्तरात ठेवले. बाबा देतात, हे तिला दिसायला नको?"

आईने ते पैसे वहीत मांडलेच नव्हते. "बँकेत आले नाहीत, म्हणजे दिले नाहीत," असं तिचं म्हणणं.

आठ वर्षांच्या मुलीशी मी एकटीशी बोलले. कमाटीबागेत काय करता, विचारलं. म्हणाली, "बाबा झोपाळ्यावर बस म्हणतात. पण मी नाही बसत. दप्तर कोण बघणार?"

हे वाक्य मी दोघांनाही जसंच्या तसं ऐकवलं. वडील बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. आई वही मिटून बसली.

त्यानंतरची कामं कोरडी होती. कमाई घटली असेल तर रक्कम कमी करायचा अर्ज त्याच कोर्टात करायचा; नवा आदेश होईपर्यंत आठ हजार म्हणजे आठ हजारच, हे वडिलांना सांगितलं. 2020 पासून सर्वोच्च न्यायालयाने पोटगीच्या प्रकरणांत दोघांनाही मिळकतीचं आणि देण्याचं शपथपत्र सक्तीचं केलंय, तेव्हा पगारपत्रक घेऊनच जा, असंही. पैसे पाच तारखेला बँकेत. थकबाकी तीन हप्त्यांत, वकिलांमार्फत लेखी. रविवारी मुलीला फाटकापर्यंत आजोबा सोडणार, बिनदप्तराची.

एक सांगते, हे सगळ्या घरांना लागू नाही. जिथे मारहाण आहे, दारू पिऊन येणं आहे, तिथे मी आईला थांबायला सांगत नाही. मुलाला आधी सुरक्षित ठेवा आणि लगेच कोर्टाकडे देखरेखीखालची भेट मागा. त्या अर्जात 'पैसे देत नाही' हे कारण मात्र घालू नका. खरी भीती त्यात दबून जाते.

दोन महिन्यांनी ती पुन्हा आली. डावीकडे दोन बरोबरच्या खुणा. उजवीकडे एका रविवारी बारीक अक्षरात लिहिलेलं: 'पाऊस. बाग नाही. व्हिडिओ कॉल, वीस मिनिटं. हसत होती.'

भेटींसाठी वेगळी वही करा, असं मी सुचवलं होतं. ती अजून घेतलेली नव्हती.