आधी खाडी, मग रोहित

प्रिय,

मुंबईच्या चित्रपट महोत्सवासाठी काढलेली, परवा तू दाखवलेली तीन स्केचेस अजून माझ्या टेबलावर पडून आहेत. गॉगल घातलेला फ्लेमिंगो, क्लॅपबोर्ड तोंडात धरलेला बिबट्या, रिळावर बसलेला कावळा. ‘यातला कुठला प्राणी मुंबईचा वाटतो, सर?’ असं तू विचारलंस आणि मी दुसरा चहा मागवून विषय बदलला. समोर बसून सांगायचं धैर्य झालं नाही, म्हणून लिहितो.

एकही नाही. तिन्हींच्या मागे कोरा कागद आहे. तू जनावर काढलंस, पण ते उभं कुठे आहे? आधी जागा, मग जनावर.

बर्लिनच्या चित्रपट महोत्सवाचं चिन्ह अस्वल. महोत्सव 1951 साली सुरू झाला, पण अस्वल त्याच्या कितीतरी आधीपासून त्या शहराचं चिन्ह आहे. व्हेनिसच्या महोत्सवाचा पंखवाला सिंह तर शतकानुशतकं तिथल्या चौकात खांबावर बसून आहे. 2016 च्या बर्लिनच्या पोस्टरांवर अस्वलं रात्रीच्या शहरात नुसती भटकत होती. कुणी त्यांच्या गळ्यात रीळ अडकवलं नव्हतं. रीळ! आज थिएटरात तरी रीळ राहिलंय का?

बिबट्या आपलाच, बोरिवलीच्या जंगलातून आरेपर्यंत येतो. पण सिनेमावाल्यांना पिवळ्यावर काळे ठिपके दिसले की स्वित्झर्लंडचा लोकार्नो महोत्सव आठवतो, त्याचं चिन्हच बिबट्या आहे. तुझ्या बिबट्यामागे आरेचा गोठा दिसला, तर तो मुंबईचा. नुसता बिबट्या त्यांचा.

आणि फ्लेमिंगो. रोहित म्हण, छान मराठी नाव आहे. त्याचा गुडघा तू माणसासारखा पुढे वाकवलास. पायाच्या मध्यावर जो सांधा दिसतो तो गुडघा नव्हेच, घोटा आहे, आणि तो मागे वाकतो. खरा गुडघा वर पिसांत दडलेला असतो. हे गुगलवरच्या फोटोवरून कळत नाही, चिखलात चालताना बघितल्यावर कळतं. चोच उलटी करून तो पाणी गाळतो. पिल्लं करडी असतात. गुलाबी रंग पुढे खाण्यातून चढतो, शेवाळातून, बारीक किड्यांतून. म्हणजे रंगसुद्धा जागेचा! आणि तू मागे पांढरा कागद ठेवतेस.

चिडलो, कारण हीच चूक मी जाणूनबुजून केली आहे. काही वर्षांपूर्वी एका छोट्या महोत्सवासाठी मी कावळा काढला होता. दादरची विजेची तार, मागे जुलैचं आभाळ, खाली छत्र्या. कमिटीतल्या एका गृहस्थांना मोर हवा होता. सुवर्णमयूर हा इफ्फीचा, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचा पुरस्कार आहे हो, म्हटलं. इफ्फी 1952 साली पहिल्यांदा मुंबईतच भरला होता, मग मोर आपलाच की, असं उत्तर आलं. तीन दिवसांत छपाईला द्यायचं होतं, घरात आजारपण होतं. मी मोर काढला. पिसाऱ्यात डोळ्यांच्या जागी रिळं. पुढे महिनाभर स्टेशनच्या पुलावर तो अर्धा फाटलेला मोर चुकवत मी जात-येत होतो.

पैसे लागत होते, यापलीकडे सांगण्यासारखं काही नाही. त्यानंतर मात्र दोन कामं याच कारणावरून सोडली. लोक हेकट म्हणतात. माझ्या जागी त्यांनी तो पूल महिनाभर ओलांडून बघावा. कावळ्याचं मूळ चित्र अजून माझ्याकडे आहे, मागायला कुणी आलं नाही, आणि खरं सांगू, ते आजही उभं राहतं.

तुझी कमिटी गॉगल मागणारच. भांडू नकोस. फक्त दुसरं चित्र आधी तयार ठेव, ज्यात खाडी आहे, पलीकडे टॉवर आहेत, विजेचे मनोरे आहेत, आणि गुलाबी ठिपका अंगठ्याएवढा. लोकलच्या दारातून दोन सेकंद दिसला तरी कळेल एवढाच. आधी जागा.

रविवारी भांडुप पंपिंग स्टेशनला ये. ओहोटीची वेळ बघून निघ, भरतीला रोहित लांब जातात. कॅमेरा घरी ठेव, वही आण. आणि जुने बूट घाल, तिथला चिखल धुऊन जात नाही.