पेंढ्याच्या टोपलीतला मध

प्रश्न: युरोपातल्या जुन्या चित्रांत पेंढ्याची उलटी टोपली दिसते, ते मधमाश्यांचं घर ना? त्यातून मध काढायचे कसे?

उत्तर: हो, घरच. काडाचा जाड दोर वळून वेढ्यावर वेढे शिवायचे, आत फ्रेम (पोळं बांधायची लाकडी चौकट) वगैरे काही नाही, माश्या पोळी थेट छताला चिकटवणार, म्हणजे मध हवा तर पोळं कापायचंच, आणि बरेच जण तर सरळ खड्ड्यात गंधक जाळून त्यावर टोपली ठेवायचे, सगळ्या माश्या खलास! क्रूरच प्रकार. काही जण मात्र टोपली ठोकठोकून माश्यांना दुसऱ्या टोपलीत हाकलायचे. पुढे १८५१ मध्ये अमेरिकेत लँगस्ट्रॉथ या मधमाशीपालकाच्या लक्षात आलं की साधारण ९ मिलिमीटरची फट माश्या बुजवत नाहीत, म्हणजे तेवढी फट ठेवली तर फ्रेम पेटीला चिकटत नाही, त्यावरून फ्रेम उचलता येणारी पेटी आली. टोपल्या अजूनही थवे पकडायला वापरतात.