हेडसेट ‘आभासी’ कसा असेल?

मुरगावच्या एका वाचकाने विचारले आहे: जहाजदुरुस्तीच्या आमच्या कारखान्यात एआर (ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी) हेडसेट, म्हणजे समोरच्या खऱ्या वस्तूंवर सूचना आणि आकृत्या दाखवणारी डोक्यावरची यंत्रे, येत आहेत, फिटर आणि वेल्डर मंडळींसाठी मराठीत सूचनापत्रक करायचे आहे. त्यात ‘आभासी चष्मा’ असे लिहिले तर चालेल का? आणि तो ‘घालायचा’ की ‘लावायचा’?

चालणार नाही. ‘आभासी’ हे विशेषण ज्या नामाला चिकटते त्या नामाचेच अस्तित्व काढून घेते. आभासी सभा म्हणजे जिथे माणसे एकत्र बसलेली नाहीत, आभासी चलन म्हणजे जे हातात येत नाही. तर्कशास्त्रात हेत्वाभास म्हणजे हेतूसारखे दिसणारे पण हेतू नसलेले, काव्यशास्त्रातल्या रसाभासात रस नुसता भासतो. मग आभासी चष्मा म्हणजे नसलेला चष्मा. होलोलेन्स २ या हेडसेटचे वजन ५६६ ग्रॅम आहे. आठ तासांच्या पाळीत ते मानेवर पेलणाऱ्या माणसाला त्याच्या डोक्यावरची वस्तू आभासी असल्याचे कोण सांगणार? बातम्यांतून, माहितीपत्रकांतून, भाषणांतून हा शब्द व्हीआर (व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी) आणि एआर दोन्हींसाठी सरसकट फेकला जातो, आणि तिथेच खरे नुकसान होते. ही दोन यंत्रे एकमेकांच्या विरुद्ध कामे करतात. व्हीआर समोरचे जग झाकते, एआर झाकत नाही. धक्क्यावर, क्रेनखाली, उघड्या मॅनहोलशेजारी उभ्या असलेल्या माणसासाठी हा फरक जीवनमरणाचा आहे.

‘संवर्धित वास्तविकता’ हा एआरसाठीचा दुसरा पर्याय हिंदीतून जसाच्या तसा आला. मराठीत ‘वास्तव’ हे नाम आहेच. ‘वस्तु’पासून ‘वास्तव’ झाले, ‘मनु’पासून ‘मानव’ व्हावे तसे. त्याला ‘इक’ आणि वर ‘ता’ असे दोन मजले चढवण्याची गरज नव्हती. ‘संवर्धित’ तर आणखी आडवाटेला नेतो. मराठी कानाला संवर्धन म्हटले की पशुसंवर्धन, वृक्षसंवर्धन आठवते. त्यात जोपासना आहे, वाढीस लावणे आहे. हेडसेट वास्तवाची जोपासना करत नाही. इंजिनाच्या फ्लँजवर बारा बोल्ट असतील तर हेडसेट लावल्यावरही ते बाराच राहतात. भर पडते ती दिसण्यात. म्हणून ‘वास्तव’ हे नामच मुळात चुकीच्या जागी आहे, आणि मराठी पर्याय करताना इंग्रजीची ही चूक आपण का उचलावी हे मला कळत नाही.

खेळांसाठी निघालेले तंत्र पुढे कारखान्यात आले, असेही लिहिले जाते. नावापुरते तरी हे साफ उलटे आहे. ‘ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी’ हा शब्दप्रयोग बोइंग या विमान कंपनीतला. टॉम कॉडेल आणि डेव्हिड मायझेल यांनी १९९२ मध्ये त्यावर निबंध मांडला. विमानात जाणाऱ्या तारांची जुडगी आधी मोठ्या फळ्यांवर खुंट्यांमधून ओढून बांधतात. कोणती तार कुठून वळवायची हे कागदी नकाशात न पाहता थेट फळीवर दिसावे, असा विचार होता. शब्द जन्मला तो कामगाराच्या डोळ्यांसाठी. पारदर्शक काचेतून आकृती दाखवणारे, डोक्यावर चढवायचे यंत्र संगणकशास्त्रज्ञ आयव्हन सदरलँड यांनी त्याआधीच, १९६८ मध्ये, करून दाखवले होते.

आता ‘ऑगमेंट’. लॅटिन ‘आउगेरे’, म्हणजे वाढवणे. त्याच मूळ कुळातले आपले ‘ओजस्’ आणि ‘उग्र’. इंग्रजी ‘ऑक्शन’ही तिथलाच, बोली वाढत जाते म्हणून. आपण मात्र त्यासाठी पोर्तुगीज ‘लेइलांव’चा ‘लिलाव’ केला आणि गोव्यातल्या देवळांतल्या लिलावासाठी ‘पावणी’ वेगळी राखली. हे सगळे ठीक आहे, पण खरा खजिना कोशात नाही, व्याकरणात आहे.

युरोपीय वैयाकरणांनी ‘ऑगमेंट’ ही संज्ञा एका नेमक्या गोष्टीसाठी वापरली: भूतकाळ दाखवायला धातूच्या, म्हणजे क्रियापदाच्या मूळ रूपाच्या, आधी येणारा स्वर. ग्रीकमध्ये ‘एफेरे’, संस्कृतात ‘अभरत्’. दोन्हींत आरंभीचा स्वर बाहेरून आलेला, मागे धातू शाबूत. संस्कृत व्याकरणात याला नाव आहे ‘आगम’. आणि आगमाच्या समोर उभा आहे ‘आदेश’. आगम येतो आणि मूळ वर्णाशेजारी बसतो. आदेश येतो आणि मूळ वर्णाला उठवून त्याची जागा घेतो. जुन्या पाठशाळांत हे एका ओळीत शिकवत आले आहेत: मित्रवदागमः, शत्रुवदादेशः. आगम मित्रासारखा, आदेश शत्रूसारखा.

एआर म्हणजे आगम. व्हीआर म्हणजे आदेश. याहून काटेकोर व्याख्या कोणत्याही तांत्रिक परिभाषेत नाही.

आदेशाचे उदाहरण घ्यायचे तर ‘पाहणे’ या अर्थाचाच धातू घ्या. धातू ‘दृश्’, पण वर्तमानकाळी रूप ‘पश्यति’. ‘दृश्’ पार नाहीसा झाला, त्याच्या जागी ‘पश्य’ बसला. पाहण्याच्या धातूतच पाहणाऱ्याच्या समोरचे मूळ गायब! व्हीआरचा हेडसेट नेमके हेच करतो. उलट ‘अभवत्’मध्ये ‘भू’ स्वर बदलून ‘भव्’ होऊन का होईना, जागेवर आहे. ‘अ’ फक्त पुढे येऊन उभा राहिला.

याच्याही पुढे जाता येते. हा आगम पाणिनी ‘अट्’ असा सांगतो. त्यातला ‘ट्’ उच्चारात कधीच येत नाही. तो एवढेच सांगतो की आगम आरंभी बसवायचा: ‘आद्यन्तौ टकितौ’, ट् असेल तर आधी, क् असेल तर शेवटी. जागा सांगितली की ट् लोपतो. कारखान्यातल्या हेडसेटला यंत्राची जागा कळावी म्हणून यंत्रावर क्यूआर खूण चिकटवतात. कॅमेरा ती वाचतो, बाण कुठे उभा करायचा हे ठरवतो, आणि पुढे कामगाराला त्या खुणेशी काही देणेघेणे राहत नाही. संशोधक रोनाल्ड अझुमा यांनी १९९७ मध्ये एआरच्या तीन अटी सांगितल्या: खरे आणि काल्पनिक एकत्र दिसावे, ते त्याच क्षणी प्रतिसाद देणारे असावे, आणि त्रिमितीत जागेवर बसलेले असावे. तिसरी अट म्हणजे पाणिनीचा ट्. जागा न सांगता आगम करता येत नाही, आणि जागा चुकली तर शब्दच चुकतो.

इथे काही जण ‘दिव्यदृष्टी’ सुचवतात. संजयाला दूरचे रण बसल्या जागी दिसले; एआरमध्ये दूरचे काही दिसायचे नसते, समोरचेच अधिक कळायचे असते. ‘अंजन’ सुचवणाऱ्यांची बाजू थोडी बरी आहे, कारण पत्र्यामागची पाइप दाखवणे हे अंजनाने गुप्तधन दिसण्याजवळ जाते. पण ते या यंत्राचे एकच काम झाले. बोल्ट कोणत्या क्रमाने आवळायचे हे सांगणारा आकडा आधी कुठे गुप्त नव्हता.

आगम-आदेशाची कसोटी प्रत्यक्ष यंत्रांना लावून पाहा. होलोलेन्स २ किंवा मॅजिक लीप २ मध्ये डोळ्यांपुढे पारदर्शक काच आहे. बॅटरी संपली तरी जहाज, शिडी, माणसे दिसत राहतात. आगम गेला, धातू उरला. अ‍ॅपल व्हिजन प्रो किंवा मेटा क्वेस्ट ३ मध्ये मात्र डोळ्यांपुढे बंद पडदा आहे. बाहेरचे जग कॅमेरा टिपतो आणि पडद्यावर दाखवतो, आकृत्या त्या चित्रावर चढतात. म्हणजे आधी आदेश, मग आगम. ‘अपश्यत्’ हे रूप तसेच आहे: दृश्‌च्या जागी पश्य आला आणि त्याच्या आधी अ लागला. वीज गेली की पडदा काळा आणि माणूस आंधळा. शिडीवर, मचाणावर, चालत्या यंत्राशेजारी हे यंत्र वापरायला देऊ नये. दोन्हींना एकच ‘आभासी चष्मा’ म्हणणारे पत्रक हा फरक सांगू शकत नाही.

तिसरा प्रकारही आहे. रिअलवेअरच्या एचएमटी-१ सारख्या यंत्रात एका डोळ्यापुढे दांडीवर चिमुकला पडदा असतो. हात मोकळे राहतात, आज्ञा आवाजाने देतात, हातमोजे काढावे लागत नाहीत. त्यावर आराखडा वाचता येतो, दूरच्या तज्ज्ञाला कॅमेऱ्यातून काम दाखवता येते. पण चित्र यंत्राच्या भागावर बसत नाही, मान वळवली की तेही वळते. हा आगमही नाही, आदेशही नाही. धातूच्या बाजूला लिहिलेली टीप आहे. तुमच्याकडे हा प्रकार येणार असेल तर ‘डोळ्यापुढचा पडदा’ म्हणा आणि मोकळे व्हा.

खऱ्या एआरसाठी मी ‘जोडदृश्य’ हा शब्द सुचवतो. ‘आगमदृश्य’ अधिक काटेकोर ठरला असता, पण ‘आगम’ म्हटल्यावर कोणाला आगमन आठवेल, कोणाला शैवागम हे ग्रंथ. ‘जोड’ने तेच काम होते. जोडधंदा मूळ धंदा मोडत नाही. जोडाक्षरात दोन्ही अक्षरांचा उच्चार टिकतो. गोव्यात तर आणखी एक फायदा: कोंकणीत ‘जोडप’ म्हणजे कमावणे, ‘जोड’ म्हणजे कमाई, त्यामुळे इथल्या कानाला त्या शब्दात लाभही ऐकू येतो. देशी ‘जोड’ला तत्सम ‘दृश्य’ लावले म्हणून संकराची हरकत घेणाऱ्यांनी आधी ‘जोडाक्षर’ आणि ‘जोडशब्द’ शाळेच्या पुस्तकांतून काढून दाखवावेत.

सूचनापत्रकात मात्र यंत्राला ‘हेडसेट’च लिहा. ज्या भाषेने घमेले, पिंप आणि बिजागरी पोर्तुगीजांकडून घेऊन घरात मुरवले, तिला हेडसेट जड नाही. ‘जोडदृश्य’ हा त्यात दिसणाऱ्या गोष्टीचा शब्द आहे: ‘जोडदृश्य सरकले’, ‘जोडदृश्य जुळत नाही’. पत्रकात हीच वाक्ये सर्वात जास्त लागतील, म्हणून ती का लागतात तेही लिहा.

माणूस बदलला की डोळ्यांची जुळणी पुन्हा करायची. दोन बाहुल्यांमधले अंतर प्रत्येकाचे वेगळे, आधीच्या माणसाच्या मापावर बाण नीट बसत नाही. क्यूआर खूण ५ सेंटिमीटरपेक्षा लहान नको, १० असेल तर बरे; चकचकीत लॅमिनेशन करू नका, दिव्याची तिरीप पडली की कॅमेऱ्याला वाचता येत नाही. खूण अर्ध्या अंशाने तिरकी वाचली गेली तर १० मीटरवर जोडदृश्य सुमारे ९ सेंटिमीटर सरकते, म्हणजे शेजारच्या बोल्टवर जाऊन बसते. लांबच्या कामाला त्या कामाजवळच दुसरी खूण लावा, आणि पाना उचलण्याआधी एकमेकांपासून दूरच्या तीन जागी जुळणी तपासा.

नुकत्याच रंगवलेल्या एकरंगी पत्र्यापुढे किंवा लखलखीत स्टीलपुढे हेडसेट जागा हरवतो, कारण कॅमेऱ्याला धरायला ठिपके, कडा, ओरखडे सापडत नाहीत. सुक्या गोदीत जहाज स्थिर असते तोवर ठीक. तेच जहाज पाण्यावर असले की कॅमेरा म्हणतो भिंत जागेवर आहे, आतला गतिमापक म्हणतो मी हलतोय, आणि जोडदृश्य तरंगू लागते. होलोलेन्स २ मध्ये यासाठी हलत्या जागेची वेगळी व्यवस्था पुढे दिली गेली. ती चालू केल्याशिवाय धक्क्याला लागलेल्या बार्जवर काम सुरू करू नये.

पारदर्शक काच प्रकाशाची भर घालते, वजाबाकी करू शकत नाही. त्यामुळे काळा रंग तिच्यात दिसतच नाही, काळे म्हणजे आरपार. बाण आणि अक्षरे पांढरी, पिवळी, हिरवी ठेवा. गडद निळी नकोत. एप्रिलच्या उन्हात उघड्या डेकवर पांढरी-पिवळीही फिकी पडतात. मॅजिक लीप २ मध्ये काच गडद करण्याची सोय याच कारणाने आहे, पण काच गडद केली की पायाखालचेही कमी दिसते, तेव्हा चालताना ती वापरू नये. पावसाळ्याचे वेगळे लिहा. धूळ आणि पाण्यापासूनच्या संरक्षणाचे होलोलेन्स २ चे मानांकन आयपी ५०, आणि त्यातले शून्य पाण्यासाठी आहे: पाण्यापासून कसलेही संरक्षण नाही. एचएमटी-१ चे आयपी ६६ आहे, ते भिजलेले चालते.

‘घालणे’ की ‘लावणे’ राहिले. शरीराचा भाग ज्यात शिरतो ते आपण घालतो: सदरा, बूट, अंगठी, हेल्मेट. वरून टेकवतो किंवा अडकवतो ते लावतो: मास्क, पट्टा, कुंकू. चष्म्याला दोन्ही चालतात. डोके ज्याच्या कड्यात जाते तो हेडसेट घालावा, हेल्मेटच्या कडेला अडकतो तो लावावा. आणि ‘चष्मा’ हा शब्द टाळण्याचे अगदी व्यावहारिक कारण इथे आहे: नंबरचा चष्मा असलेल्याला होलोलेन्स त्या चष्म्यावरूनच घालायचा असतो, तेव्हा ‘चष्मा लावून चष्मा घाला’ असले वाक्य पत्रकात येईल. त्याऐवजी लिहा: ‘नंबरचा चष्मा असल्यास आधी लावा. हेडसेट घाला, मागचे चाक फिरवून आवळा, काच खाली घ्या. डोळ्यांची जुळणी करा. जोडदृश्य तीन जागी तपासा. सरकलेले दिसल्यास काम थांबवा आणि खूण पुन्हा वाचा.’