मायनस दहा हजार

"मॅडम, घरात मराठीच बोलतो, पण मला त्याचं एक वाक्य कळेल तर शपथ!" हे मी इतक्या पालकांकडून ऐकलंय की पुढचंही आता पाठ आहे. भाषा बिघडली, म्हणजे मुलगा हातचा गेला.

ही आई तर माझ्याकडे समुपदेशनाला येताना यादीच घेऊन आली होती. वहीच्या फाडलेल्या पानावर, कानावर पडले तसे लिहिलेले शब्द: रिझ, क्रिंज, ऑरा, एनपीसी, ब्रेनरॉट. अर्थ सांगा, म्हणाली. मला बहुतेक येत होते (हौसेने गोळा करते मी), तरी सांगितले नाहीत. सोळा वर्षांचा तज्ज्ञ बाहेरच बसला होता. एवढंच म्हटलं की 'ब्रेनरॉट' १८५४ सालच्या छापील इंग्रजीतही सापडतो, ऑक्सफर्डने त्याला वर्षाचा शब्द ठरवलं ते २०२४मध्ये. तिला त्याचं काही नव्हतं. "पण मग हा बोलत का नाही आमच्याशी?"

माझ्याशीही दोन भेटी बोलला नाही. तिसऱ्या वेळी कळलं ते असं. वर्गात उभा राहून वाचताना अडखळला आणि मागून कुणीतरी म्हणालं, "मायनस दहा हजार ऑरा." ऑरा म्हणजे रुबाब, आणि तो गुणांत मोजायचा.

"तेव्हापासून मी एनपीसीच आहे."

"म्हणजे एकटं वाटतं का तुला?" मी विचारलं.

"क्रिंज," म्हणजे ऐकूनच अवघडायला होईल असं, तो पुटपुटला आणि खुर्चीत मागे सरकला. बरोबरच होतं त्याचं. त्याने नेमका शब्द दिला होता आणि मी त्यावर माझा ठेवणीतला शब्द चिकटवला होता.

"बरं, एनपीसी करतो काय, ते तरी सांग."

तो खुलला. गेममधलं असं पात्र, ज्याला कुणीच खेळाडू चालवत नाही. पुलावर उभं असतं. जवळ गेलं की ठरलेली दोन वाक्यं बोलतं, आपण पुढे गेलो की तिथेच उभं.

"तुझी दोन वाक्यं कोणती?"

बराच वेळ पंख्याचा आवाज तेवढा येत राहिला. मग म्हणाला, "'हो, ठीक आहे.' आणि 'अभ्यास झाला.'"

इतक्या वर्षांत घरातल्या अबोल्याचं इतकं नेमकं वर्णन मी कुणा मोठ्या माणसाकडून ऐकलेलं नाही.

"आणि ते दहा हजार कुणी वजा केले?"

"सगळ्यांनी."

"बोललं कोण?"

"एक जण. एकदाच." मग थांबून, "नंतर मीच करतोय. रोज."

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची जुनी विद्यार्थिनी, पुस्तकांतून. कृतीला हवे तर गुण द्या, माणसाला देऊ नका, हे त्यांचं म्हणणं मी किती जणांना सांगितलं असेल! पण हा गुणांचा हिशेब मुलांच्या बोलण्यात असा उघडा पडलेला असतो, हे मला त्या दिवशी दिसलं. लाइक, रँक, स्टार ही मोजणी आपण मोठ्यांनीच मांडली. मुलांनी तिला थट्टेची नावं दिली, कारण थट्टा केली की जरा कमी लागतं.

म्हणून पालकांना सांगते, शब्द कुणासाठी वापरलाय ते ऐका, दुसऱ्यासाठी की स्वतःसाठी. अर्थ विचारा आणि तो सांगत असताना सुधारायला जाऊ नका. स्वतः मात्र ते शब्द वापरू नका. आपल्या तोंडी आले की ते मेलेच समजा. एक शब्द हसण्यावारी नेऊ नका, 'अनअलाइव्ह'. व्हिडिओच्या ॲपवर मरणाचे शब्द अडवले जातात, त्यांना चुकवायला काढलेली ही पळवाट. पुष्कळदा तो नुसता विनोद असतो. पण मूल स्वतःबद्दल बोलत असेल, तर सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर 'हो' आलं, तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठा.

या मुलाला तसं काही नव्हतं. शेवटच्या भेटीत आईने तेच पान काढलं. प्रत्येक शब्दापुढे त्याच्या अक्षरात अर्थ होता. पान उलटलं तर मागे त्याने आईचे शब्द लिहिले होते: 'वाया गेलेला', 'लोक काय म्हणतील', 'बघ जरा त्याच्याकडे'. पुढे अर्थासाठी जागा सोडलेली. पहिल्या शब्दापुढे तिने काहीतरी लिहून खोडलं होतं.

"मॅडम, हे मला नाही जमत," ती म्हणाली. तो हसत होता.