बारा मागितले, सोळा मिळाले!

प्रश्न : १२ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरला चार डायोडचा ब्रिज (एसीचं डीसी करणारी जोडणी) आणि १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडला. मीटर १६ व्होल्ट दाखवतो. दुकानदाराने फसवलं का?

उत्तर : दुकानदाराला बोल लावू नका. ट्रान्सफॉर्मरवरचे १२ हे आरएमएस मूल्य, म्हणजे सतत वर-खाली होणाऱ्या एसी व्होल्टेजची एक प्रकारची सरासरी. लाटेचा माथा त्याच्या १.४१४ पट, म्हणजे जवळपास १७. कपॅसिटर तिथपर्यंत भरतो. वाटेत चारपैकी एका वेळी दोन सिलिकॉन डायोड प्रत्येकी साधारण ०.७ खातात. उरले साडेपंधरा, आणि भार (वीज घेणारं उपकरण) जोडलेला नसला की आकडा थोडा चढतोच.

मला काळजी वेगळीच. कपॅसिटरवर त्याची कमाल मर्यादा १६ व्होल्ट छापलीय का? मग आधी तो काढा, २५चा लावा. डोकं फुगलेले असले कपॅसिटर माझ्या टेबलावर नेहमीच येतात. नेमके १२ हवेत तर पुढे ७८१२ हा १२ व्होल्टचा रेग्युलेटर आयसी बसवा. भार जोडल्यावरही त्याच्या इनपुटला किमान साडेचौदा व्होल्ट टिकतात ना, तेवढं बघा.